नागार्जुन, असत्यवादी आणि वदतोव्याघाताचा आरोप

आचार्य नागार्जुनांनी काही परस्परविरोधी विधाने जाणूनबुजून केली, आणि ती एकाच वेळी, एकाच अर्थाने खरी आहेत असेच त्यांना म्हणावयाचे होते, असे एक मत गेल्या दोन दशकांत पाश्चात्त्य अभ्यासकांत बरेच प्रतिष्ठा पावले आहे. तर्कशास्त्रज्ञ ग्रॅहम प्रीस्ट आणि माध्यमिक दर्शनाचे अभ्यासक जे गारफील्ड यांनी 'फिलॉसॉफी ईस्ट अँड वेस्ट' या नियतकालिकात २००३ साली लिहिलेल्या निबंधामुळे या मताकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. यासुओ देगुची यांना सोबत घेऊन २००८ साली त्यांनी ते अधिक व्यापक केले, आणि २०२१ साली रॉबर्ट शार्फ यांच्यासह 'व्हॉट कान्ट बी सेड' या ग्रंथात ते चिनी व जपानी बौद्ध परंपरांपर्यंत नेले. प्रस्तुत लेखात आम्हांला या मताचा, विशेषतः त्याच्या नागार्जुनविषयक भागाचा, परामर्श घ्यावयाचा आहे.

आमच्याकडे अशा मतांचे स्वागत दोन प्रकारे होते. काही उत्साही वक्ते आधुनिक गणितानेच शून्यतेवर शिक्कामोर्तब केले असे सांगून मोकळे होतात. अंकातले शून्य आणि माध्यमिकांची शून्यता यांची गल्लत तर नित्याचीच आहे. काही जण याच्या उलट, बौद्ध विचाराला विसंगत ठरविण्याचा हा नवा डाव आहे असे म्हणून निबंध न वाचताच रागावतात. दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला अनुचित वाटतात. मात्र प्रश्न क्षुल्लक नाही. बुद्धवचन कोणते हे ठरविताना जे विवेकाला व तर्काला धरून असेल ते बुद्धाचे मानावे, अशी कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. परंपरेतील सर्वांत तीक्ष्ण तार्किक जर व्याघातालाच सत्य मानीत असेल, तर त्या कसोटीवर त्याचे काय करावयाचे, हे आम्हां अभ्यासकांना टाळता येणार नाही.

प्रथम या मतामागचे गणित पाहिले पाहिजे. ते वगळून केलेली टीका हवेत राहील.

बर्ट्रांड रसेल यांना १९०१ साली सापडलेला पेच ग्रंथालयातील उदाहरणाने समजून घेता येतो. एखाद्या मोठ्या ग्रंथालयात अनेक सूची आहेत असे समजू. काही सूचींत त्या सूचीचे स्वतःचेही नाव नोंदलेले आहे, काहींत नाही. आता ग्रंथपालाने अशी एक महासूची करावयाची आहे की, ज्या सूचींत स्वतःची नोंद नाही अशा सर्वांची, आणि तेवढ्यांचीच, नोंद तिच्यात असावी. या महासूचीत तिची स्वतःची नोंद करावयाची की नाही? केली, तर ती स्वतःची नोंद असलेली सूची झाली, म्हणून ती नोंद खोडावी लागते. खोडली, तर ती स्वतःची नोंद नसलेली सूची झाली, म्हणून पुन्हा करावी लागते. ग्रंथपाल अशी सूची करणे अशक्य आहे असे म्हणून सुटू शकतो. संचाच्या सिद्धांताला ही सुटका नव्हती, कारण कोणताही गुणधर्म सांगितला की त्या गुणधर्माच्या वस्तूंचा संच असतोच, हे त्याचे गृहीतक होते. गोटलोब फ्रेगे यांनी सबंध अंकगणित याच पायावर उभे करावयास घेतले होते. १६ जून १९०२ रोजी रसेल यांनी त्यांना पत्राने हा पेच कळविला, तेव्हा त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. फ्रेगे यांनी पेच लपविला नाही. १९०३ साली निघालेल्या त्या खंडाला परिशिष्ट जोडून त्यांनी आपल्या इमारतीचा पाया हलला असल्याचे स्वतःच नमूद केले. वादात इतका प्रामाणिकपणा आढळणे दुर्मीळ, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

यापेक्षा जुना पेच असत्यवाद्याचा. 'मी आता बोलतो आहे ते असत्य आहे' असे कोणी म्हटले तर ते विधान सत्य की असत्य? सत्य मानले तर ते म्हणते त्याप्रमाणे असत्य ठरते, आणि असत्य मानले तर ते जे म्हणते तेच घडले म्हणून सत्य ठरते. ग्रीक परंपरा तो मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावे सांगते. आपल्याकडे वैयाकरण भर्तृहरींनी 'वाक्यपदीया'त याच जातीच्या विधानाची दखल घेतली आहे, आणि सर्व खोटे बोलतो असे म्हणणाऱ्याला ते वाक्य स्वतः त्यात अभिप्रेत नसते, असा त्याचा उलगडा केला आहे. हा उलगडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

विसाव्या शतकातील उपाय बहुतांशी याच वळणाचे आहेत. रसेल यांनी १९०८ साली वस्तू, वस्तूंचे संच, संचांचे संच अशा पायऱ्या कल्पिल्या आणि कोणत्याही संचाने आपल्याच पायरीविषयी बोलू नये असे ठरविले. टार्स्की यांनी १९३३ साली एखाद्या भाषेतील वाक्यांची सत्यता त्या भाषेत नव्हे, तर तिच्याविषयी बोलणाऱ्या वरच्या भाषेत सांगावी असा निर्बंध घातला. क्रिपके यांनी १९७५ साली हा निर्बंध सैल करून काही वाक्ये सत्यही नसतात व असत्यही नसतात, असा मार्ग काढला. परंतु प्रत्येक उपायाच्या शब्दांतूनच नवा पेच रचता येतो. 'हे वाक्य सत्य नाही' असे म्हटले की क्रिपके यांच्या वाटेवरही तोच खड्डा लागतो. या सततच्या हुलकावणीला कंटाळून प्रीस्ट यांनी १९७९ साली वेगळाच पवित्रा घेतला. असत्यवाद्याचे वाक्य सत्यही आहे आणि असत्यही आहे, हे सरळ मान्य करावे, असे ते म्हणतात. रूढ तर्कशास्त्रात एक व्याघात मान्य केला की त्यातून वाटेल ते निष्पन्न होते. प्रीस्ट यांनी असे तर्कशास्त्र रचले की ज्यात ते होत नाही. म्हणून 'मग काय, काहीही सिद्ध होईल' हा आक्षेप त्यांच्यावर घेता येत नाही. आमच्या काही मित्रांनी तो घेतला आहे, पण तो गैरलागू आहे.

येथे मराठीची एक गंमत आहे. आपण ज्याला 'विरोधाभास' म्हणतो त्या शब्दातच निकाल दिलेला आहे, विरोध हा आभास आहे म्हणून. प्रीस्ट यांचे म्हणणे असे की काही ठिकाणी विरोध आभास नसतो. म्हणून त्यांच्या मताची चर्चा करताना आम्ही 'व्याघात' हा शब्द वापरीत आहोत.

प्रीस्ट यांच्या मते अशा सर्व पेचांचा साचा एकच आहे. 'सर्व' म्हणून एक समग्रता आखावयाची, आणि त्या समग्रतेवरच एक क्रिया करून अशी वस्तू मिळवावयाची की जी तिच्या बाहेर पडते आणि आतही राहते. निबंधाचे प्रतिपादन असे की हाच साचा नागार्जुनांत दोन ठिकाणी दिसतो. परमार्थसत्य हेच की परमार्थसत्य असे काही नाही, हा एक व्याघात. सर्व वस्तूंचा स्वभाव हाच की त्यांना स्वभाव नाही, हा दुसरा. लेखकद्वय नागार्जुनांना तर्कद्रोही म्हणत नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. उलट, विचाराच्या सीमेपर्यंत तर्काने गेलेला मनुष्य तेथे जे आढळले ते निर्भयपणे सांगतो, असा त्यांचा गौरवाचा सूर आहे. व्यवहारातल्या वस्तूंविषयी नागार्जुन व्याघात मानीत नाहीत, तो केवळ सीमेवर मानतात, हेही ते स्पष्ट करतात.

आमचा मतभेद नेमका या 'सीमेवर' या शब्दापाशी आहे. नागार्जुनांची पद्धती प्रसंगाची आहे. प्रतिपक्षाचे मत घ्यावयाचे, त्यातून व्याघात काढून दाखवावयाचा, आणि म्हणून ते मत त्याज्य ठरवावयाचे. व्याघात हा दोष आहे, हे या पद्धतीचे संपूर्ण भांडवल आहे. कर्ता व कर्म यांच्या परीक्षेत, जो सत् आणि असत् दोन्ही आहे असा कर्ता संभवत नाही, कारण परस्परविरुद्ध धर्म एकत्र नांदत नाहीत, असे मूलमध्यमककारिकेच्या आठव्या प्रकरणात ते म्हणतात. लेखकद्वय यावर म्हणतील की ही व्यवहाराची गोष्ट झाली. ठीक आहे. मग पंचविसावे प्रकरण उघडावे. तेथे विषय निर्वाणाचा आहे, आणि निर्वाणाहून अधिक सीमेवरचा विषय बौद्ध दर्शनात कोणता? निर्वाण भाव आहे काय, अभाव आहे काय, दोन्ही आहे काय, दोन्ही नाही काय, अशा चार कोटी तेथे क्रमाने तपासल्या आहेत. तिसरी कोटी, म्हणजे निर्वाण भावही आहे व अभावही आहे, ही तर प्रीस्ट यांना हवी तीच. ती नागार्जुनांनी कोणत्या कारणाने नाकारली? प्रकाश आणि अंधार जसे एका ठिकाणी राहत नाहीत तसे भाव आणि अभाव एकत्र राहत नाहीत, या कारणाने. विचाराच्या सीमेवर उभे राहून दिलेला हा निर्णय आहे, आणि तो व्याघाताच्या विरुद्ध आहे. या कारिकेचा भार निबंधाच्या लेखकांनी पुरेसा तोलला आहे असे आम्हांला वाटत नाही.

पुढील बौद्ध नैयायिकांची साक्षही हीच आहे. दिङ्नागांनी 'सर्व वचने मिथ्या आहेत' ही प्रतिज्ञा दुष्ट प्रतिज्ञांत गणली. शंकरस्वामींच्या 'न्यायप्रवेशा'त स्ववचनविरुद्ध प्रतिज्ञेचे उदाहरण म्हणून 'माझी आई वांझ आहे' हे वाक्य दिले आहे. ज्या परंपरेच्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्याला हे शिकविले जाते तिने व्याघाताला सत्याचा दर्जा दिला असेल, हे संभवत नाही असे नाही, पण ते सिद्ध करण्यास बळकट पुरावा पाहिजे.

आमच्या विरुद्ध जाणारी एक कारिका आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. अठराव्या प्रकरणात सर्व तथ्य आहे, तथ्य नाही, दोन्ही आहे, दोन्ही नाही, हे बुद्धांचे अनुशासन, असे विधान येते. येथे चार कोटी नाकारलेल्या नसून स्वीकारलेल्या दिसतात. चंद्रकीर्ती याचा अर्थ श्रोत्यांच्या अधिकारानुसार क्रमाने दिलेली देशना असा लावतात. हा अर्थ आम्हांला ग्राह्य वाटतो, कारण कारिकेत 'अनुशासन' हाच शब्द आहे, म्हणजे विषय शिकविण्याचा आहे. तथापि भाष्यकाराचा आधार घेतल्याशिवाय ही कारिका आमच्या बाजूने वळत नाही, हेही खरे.

परंतु या वादाचा खरा निर्णय कारिकांत नसून 'विग्रहव्यावर्तनी'त आहे. सत्तर श्लोकांच्या या लहानशा ग्रंथावर नागार्जुनांची स्वतःची वृत्ती आहे. चिनी व तिबेटी भाषांतरांवरून तो ज्ञात होता, पण मूळ संस्कृत पोथी महापंडित राहुल सांकृत्यायन यांना १९३६ साली तिबेटात शालू विहारात मिळाली, आणि पुढच्याच वर्षी काशीप्रसाद जायस्वाल यांच्यासह त्यांनी ती प्रसिद्ध केली. पहिल्या वीस श्लोकांत प्रतिपक्षाचे आक्षेप व उरलेल्यांत उत्तरे आहेत. पहिलाच आक्षेप असत्यवाद्याच्या पेचाचा सख्खा भाऊ आहे. सर्व वस्तू निःस्वभाव असतील, तर 'सर्व वस्तू निःस्वभाव आहेत' हे तुमचे वचनही निःस्वभाव, म्हणून दुबळे, त्याने स्वभावाचा निषेध होणार नाही. आणि हे एक वचन सस्वभाव मानाल, तर 'सर्व' म्हणून केलेली प्रतिज्ञा मोडली. इकडे आड, तिकडे विहीर.

प्रतिपक्षी चतुर आहे. नागार्जुन कोणत्या वाटेने सुटू पाहतील याचा तो आधीच अंदाज बांधतो. कोलाहलात एखादा 'आवाज करू नका' म्हणतो, तेव्हा त्याचा आवाज इतर आवाजांना थांबवितो, स्वतः मात्र त्या निषेधात मोडत नाही. तसेच तुमचे वचन स्वतःला वगळून इतरांना लागू होते असे म्हणाल, तर तेही चालणार नाही, असे तो बजावतो. सूक्ष्मपणे पाहिल्यास हीच भर्तृहरींची वाट, आणि रसेल व टार्स्की यांच्या पायऱ्यांचीही. वचनाला त्याच्या विषयापेक्षा एक पायरी वर बसवावयाचे आणि स्वतःविषयी बोलण्याची मनाई करावयाची.

नागार्जुन ही वाट घेत नाहीत. हा दृष्टान्त आमचा नव्हेच, असे ते स्वच्छ सांगतात. माझे वचनही इतर वस्तूंसारखेच हेतुप्रत्ययांवर अवलंबून उत्पन्न झालेले आहे, म्हणून शून्य आहे. त्याला मी वगळीत नाही, म्हणून प्रतिज्ञाहानी नाही. मग दुबळे वचन निषेध कसा करील? वृत्तीत याचे उत्तर घरगुती वस्तूंनी दिले आहे. रथ, घडा, वस्त्र या वस्तू प्रतीत्यसमुत्पन्न म्हणून स्वभावशून्य आहेत, तरी रथ लाकूड व गवत वाहून नेतो, घडा पाणी व दूध धरून ठेवतो, वस्त्र थंडीवाऱ्यापासून राखते. तसे माझे वचन शून्य असूनही आपले काम करते. पुढे मायेच्या पुरुषाने मायेच्याच दुसऱ्या पुरुषाला अडविल्याचा दृष्टान्त येतो. अडविणाराही खोटा आणि अडविलेलाही खोटा, पण अडविणे घडते.

आता गणिताकडे पुन्हा वळून पाहिले तर या उत्तराचे मर्म उलगडते. स्वतःविषयी बोलणे हा पेचाचा एक घटक आहे, पण केवळ त्याने पेच होत नाही. 'हे वाक्य मराठीत आहे' हे वाक्य स्वतःविषयीच बोलते आणि कोणालाही न छळता सत्य असते. स्वतःविषयी काय बोलले, कोणते विशेषण स्वतःला लावून घेतले, यावर सारे अवलंबून आहे. याचा सर्वांत नामांकित दाखला कुर्ट गोडेल यांचा. १९३१ साली त्यांनी असत्यवाद्याच्याच धर्तीवर, अंकगणिताच्या भाषेत, स्वतःविषयी बोलणारे वाक्य रचले. मात्र 'मी असत्य आहे' याऐवजी त्यांचे वाक्य 'या पद्धतीत मला सिद्ध करता येत नाही' असे म्हणते. 'असत्य' या शब्दाच्या जागी 'असिद्ध' हा शब्द आला आणि व्याघात नाहीसा होऊन एक प्रमेय हाती आले: सुसंगत, नियमबद्ध आणि पुरेसे अंकगणित सामावणाऱ्या कोणत्याही पद्धतीत असे वाक्य उरते की जे तीत सिद्धही होत नाही आणि खंडितही होत नाही. (हे प्रमेय अशा पद्धतींपुरतेच आहे. त्यावरून अव्याकृत प्रश्नांचा किंवा निर्वाणाचा निष्कर्ष काढणारी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. त्यांत गोडेलही नसतात आणि बुद्धही.)

नागार्जुनांचा प्रतिपक्षी नेमका याच जागी चुकतो. 'सर्व वचने असत्य आहेत' असे कोणी म्हटले असते तर ते वचन स्वतःवरच उलटले असते. पण नागार्जुनांनी 'असत्य' म्हटलेले नाही, 'शून्य' म्हटले आहे, आणि 'शून्य' याचा अर्थ त्यांनी प्रतीत्यसमुत्पन्न असा दिला आहे. हे विशेषण वचनाने स्वतःला लावून घेतले तर ते खोटे पडत नाही. उलट, स्वतःच्या विधानाचे ते आणखी एक उदाहरण होते. शून्य म्हणजे निकामी, हे समीकरण प्रतिपक्षाने आपल्या घरून आणले आहे, आणि त्या समीकरणाशिवाय पेचच उभा राहत नाही.

म्हणून प्रीस्ट आणि गारफील्ड यांनी सांगितलेल्या दुसऱ्या व्याघाताविषयी, निःस्वभावता हाच स्वभाव याविषयी, आमचे मत असे की त्यात 'स्वभाव' हा शब्द दोन अर्थांनी आला आहे. एकदा हेतुप्रत्ययनिरपेक्ष असे सत्त्व, आणि एकदा केवळ सर्वत्र आढळणारी गोष्ट. सर्व माणसे मर्त्य आहेत म्हणून मर्त्यता ही काही अमर वस्तू होत नाही. लेखकद्वयाला हा भेद ठाऊक आहे, आणि अशा भेदांनी सीमेवरचा व्याघात मिटत नाही असे ते म्हणतात. मिटत नाही हे दाखविण्याचा भार त्यांच्यावर आहे, आणि तो उचलताना त्यांनी नागार्जुनांच्या ग्रंथापेक्षा प्रीस्ट यांच्या साच्यावर अधिक विसंबून राहणे पसंत केले आहे.

एक जागा मात्र आमच्याही स्पष्टीकरणाला जड जाते. एकोणतिसाव्या श्लोकात, माझी काही प्रतिज्ञा असती तर हा दोष मला लागला असता, पण माझी प्रतिज्ञाच नाही, असे नागार्जुन म्हणतात. हे म्हणणे स्वतः प्रतिज्ञा नव्हे काय? येथे विशेषण 'शून्य' नाही, येथे प्रतिज्ञा असण्याचाच इन्कार आहे, आणि म्हणून हे वाक्य घड्याच्या दृष्टान्तापेक्षा असत्यवाद्याच्या अधिक जवळ येते. वृत्तीत सर्व शून्य असताना प्रतिज्ञा कोठून, असे कारण दिले आहे. त्यावरून स्वभावयुक्त अशी प्रतिज्ञा नाही, एवढाच अर्थ घेता येतो, आणि यान वेस्टरहॉफ यांनी २०१० च्या आपल्या अनुवादात साधारण याच दिशेने विवरण केले आहे. आम्हीही तोच अर्थ घेतो. पण त्यासाठी श्लोकात नसलेले एक विशेषण आपण वाचतो आहोत, याची जाणीव ठेवूनच घेतो.

ग्रंथाच्या नावातील 'विग्रह' हा शब्द मात्र या श्लोकावर थोडा प्रकाश टाकतो. मज्झिमनिकायातील दीघनखसुत्तात राजगृहाजवळच्या गृध्रकूटावर, सूकरखता नावाच्या गुहेत, दीघनख परिव्राजक तथागतांपुढे येऊन सांगतो की आपल्याला काहीच मान्य नाही. तथागत त्याला विचारतात, ही तुझी दृष्टी तरी तुला मान्य आहे ना? पालि वाङ्मयातील हा असत्यवाद्याचा पेच म्हणावा लागेल. वादपटू येथेच थांबला असता, कारण प्रतिस्पर्धी सापडला होता. तथागत थांबत नाहीत. 'काहीच मान्य नाही' म्हणणारा 'सर्व मान्य आहे' म्हणणाऱ्यापेक्षा अनासक्तीच्या जवळ आहे, असे ते आधी त्याच्या पदरात घालतात. मग दाखवितात की यांपैकी कोणतीही दृष्टी 'हेच सत्य, बाकी व्यर्थ' म्हणून धरली की इतरांशी विग्रह होतो, विग्रहातून विवाद, विवादातून संताप आणि त्रास. येथला शब्द 'विग्गह' हाच आहे. त्यानंतर विषय बदलतो. चार महाभूतांच्या या देहाकडे कसे पाहावे, सुख, दुःख आणि अदुःखासुख वेदना कशा अनित्य आहेत, हे तथागत सांगू लागतात. आणि दृष्टीचा प्रश्न पुन्हा कोणी काढीत नाही. सुत्ताच्या शेवटी दीघनखाला धम्मचक्षू प्राप्त होतो. तथागतांच्या मागे पंखा ढाळीत उभे असलेले सारिपुत्त, जे या संवादात एक शब्दही बोललेले नाहीत, ते ऐकता ऐकताच आस्रवांपासून मुक्त होतात.